‘दोनपानी’ बंद करू नका : महाविद्यालयाच्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व संचालक,
आमच्या खाडीकाठचं महाविद्यालय चालवणारी संस्था

विषय : प्रवेश मदत खिडकी आणि मासिक पत्रक बंद करण्याचा निर्णय मागे घेण्याबाबत

महोदय,

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात तुमच्या कार्यालयातले शिपाईमामा एक कागद घेऊन माझ्या दुकानात आले. “पंचवीस काढ रे,” म्हणाले. मशीनच्या काचेवर पालथा घालण्याआधी सवयीनं मी तो वाचला. यंदापासून प्रवेश मदत खिडकी बंद. मासिक पत्रक बंद. सर्व माहिती महाविद्यालयाच्या संकेतस्थळावर आणि व्हॉट्सअॅप समूहावर मिळेल. खाली सही, शिक्का. मी पंचवीस प्रती काढल्या, पन्नास रुपये घेतले. कागद बंद झाल्याची बातमी मात्र तुम्हाला कागदावरच द्यावी लागली, एवढं माझ्या मनात येऊन गेलं. मामांना काही बोललो नाही. त्यांचा काय दोष!

संस्थेचं नाव इथे लिहीत नाही. ज्यांना लिहितोय त्यांना ते ठाऊक आहे. किनाऱ्यावरच्या दुसऱ्या कुठल्या संस्थेला हे आपल्याबद्दलच आहे असं वाटलं तर माझी हरकत नाही.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी काढायला नको. मी तुमचा माजी विद्यार्थी, बी.कॉम. एसटी स्टँडसमोर झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतो. तुमच्या पत्रकाच्या तीनशे प्रती दर महिन्याला माझ्याच मशीनवर निघायच्या. ते काम आता गेलं. पण खिडकी बंद झाल्यावर तिथली गर्दी माझ्याच दारात येणार. एका फॉर्मचे मी शंभर-दीडशे रुपये घेतो. जून-जुलैत होणाऱ्या या धंद्यापुढे झेरॉक्सचं नुकसान म्हणजे चिल्लर. थोडक्यात, तुमच्या निर्णयानं माझं भलंच होतंय. तरीही लिहितोय, कारण गेल्या वर्षी माझ्या हातून एका मुलीचं नुकसान झालं. ते पुढे येईल.

बाहेरच्या वाचकांना ‘दोनपानी’ म्हणजे काय ते सांगायला हवं. पत्रकाला छापील नाव वेगळं होतं, पण पोरं त्याला ‘दोनपानी’च म्हणायची. एकच कागद, पाठपोट. 2000 साली मी एस.वाय.ला असताना ते स्टेन्सिल कापून काढायचे, हाताला शाई लागायची. परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख, एनएसएसचं शिबिर कुठल्या वाडीत, कबड्डीचा संघ कुणाशी हरला, ग्रंथालयात कुठली पुस्तकं आली, फेरीबोटीची बदललेली वेळ, वर्गात सापडलेली छत्री असं सगळं त्यात असे. आणि मागच्या बाजूला तळाशी एक चौकट : ‘कोण कुठे गेलं’.

त्या चौकटीसाठीच लोक ते वाचायचे. चार-पाच ओळी असत, पण कशा? ‘पलीकडच्या मोहल्ल्यातली मुलगी, बारावी आर्ट्स, लॉ सीईटी देऊन पाच वर्षांच्या वकिलीला. फॉर्म थंडीतच भरला होता.’ ‘बंदरवाडीचा मुलगा, दहावीनंतर आयटीआय फिटर दोन वर्षं, मग डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला.’ अमक्याचा पोरगा इंजिनिअर झाला हे सगळ्या गावाला कळतं. तो बारावी न करता कसा झाला, हे त्या ओळीतून कळायचं. फेरीबोटीच्या तिकीट खिडकीशेजारी, जेटीवरच्या बर्फाच्या कारखान्यात, रेशन दुकानात आणि स्टँडवर चौकशीच्या काचेला तो कागद लागलेला असे. बर्फाच्या कारखान्यातल्या प्रतीला मासळीचा वास यायचा. तिथे उभा राहून एखादा खलाशी आपल्या पोरासाठी ती ओळ दुसऱ्याकडून वाचून घ्यायचा, हे मी पाहिलेलं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. निकालात आपण कोकणवाले राज्यात पुढे. 2012 साली रत्नागिरीचं कोकण बोर्ड वेगळं झालं, आणि 2025 मध्ये बारावीचा आपला निकाल 96.74 टक्के लागला, सगळ्या विभागांत पहिला. पेढे वाटले, फलक लागले. पण पास झालेल्या पोराला पुढे जायची वाट सांगणार कोण?

आमच्या वेळी वाट एकच होती. गुणपत्रिका घ्यायची, कॉलेजच्या खिडकीवर जायचं, फॉर्म भरायचा, यादी लागली की पैसे भरायचे. आज तसं राहिलेलं नाही. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजात साधं बी.ए.ला जायचं तरी आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व नोंदणी आणि मग कॉलेजचा फॉर्म वेगळा. इंजिनिअरिंग, फार्मसी, शेती यांना एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, तीही पीसीएम (गणिताचा गट) का पीसीबी (जीवशास्त्राचा) हे ठरवून. वकिलीची सीईटी निराळी. डॉक्टरकीला नीट. केंद्रीय विद्यापीठांसाठी 2022 पासून सीयूईटी. 2024 पासून बीबीए, बीसीए, बीएमएस या कोर्सांनाही सीईटी. नोकरी करत शिकायचं तर 1989 पासून नाशिकचं मुक्त विद्यापीठ आहे. प्रत्येकाचं संकेतस्थळ वेगळं, पासवर्ड वेगळा, शेवटची तारीख वेगळी, आणि यातल्या बऱ्याच तारखा बारावीच्या निकालाच्या आधीच उलटून जातात.

त्यावरूनच पहिली गोष्ट. 2024 च्या मे महिन्यात, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, खाडीपलीकडचा एक मुलगा दुकानात आला. कॉमर्सला 74 टक्के. “काका, बीएमएसचा फॉर्म भरायचाय.” त्याला सीईटी लागते हेच त्याला माहीत नव्हतं, आणि तिच्या नोंदणीची मुदत तोवर संपलेली होती. पुढे जादा सीईटी घेतली गेली, पण ती बातमी त्याच्या घरी पोचेपर्यंत तो चुलत्याच्या ओळखीनं मुंबईला कामाला लागला होता. मला खात्रीनं आठवतंय, की ‘दोनपानी’त त्याच वर्षी फेब्रुवारीत या सीईटीची ओळ आलेली होती, मीच छापली होती. पण तो मुलगा पलीकडच्या ज्युनियर कॉलेजचा, आणि ‘दोनपानी’ त्या कॉलेजात कधी जातच नव्हतं. म्हणजे पत्रक अपुरं पडत होतं हे मलाही कबूल. अपुरं पडतं म्हणून वाढवतात. बंद करतात का?

आता दुसरी गोष्ट, माझ्या चुकीची.

गेल्या वर्षी, म्हणजे 2025 मध्ये, तुमची मदत खिडकी आठवड्यातून दोनच दिवस उघडी होती. तासिका तत्त्वावरचे एक सर तिथे बसायचे. बाकीचे चार दिवस त्यांना दुसऱ्या कॉलेजात तास असत. त्यामुळे बंदरवाडीतली ती मुलगी माझ्याकडे आली. ओबीसी, बारावी सायन्स, सीईटीचे पर्सेंटाइल चांगले. वडील खलाशी. जुलै महिना, म्हणजे मासेमारी बंदी. होड्या वर ओढून शाकारलेल्या आणि घरात आवक शून्य. पत्र्यावर पाऊस असा, की दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं. अर्जावर मोबाइल नंबर तिच्या भावाचा, आणि भाऊ नालासोपाऱ्याला. ओटीपी त्याच्या फोनवर जाणार. “दादा, आला काय मेसेज? वाच ना लवकर. अरे, पहिले दोन काय म्हणालास?” तो लोकलमध्ये लोंबकळत आकडे सांगतोय, मध्येच आवाज तुटतोय, इकडे साठ सेकंद संपतायत. चौथ्या वेळी जमलं.

प्रवेशाच्या दुसऱ्या फेरीत तिला तिसऱ्या पसंतीचं कॉलेज मिळालं. तिला पहिलं हवं होतं. मी म्हणालो, “थांब, तिसऱ्या फेरीत वरचं मिळेल.” आधीच्या वर्षी तसं चालायचं. पहिल्याच पसंतीचं कॉलेज लागलं तर सीट आपोआप पक्की व्हायची, नाहीतर थांबता यायचं. 2025 ला नियम बदलला होता. पहिल्या फेरीत पहिली पसंती, दुसरीत पहिल्या तीनपैकी कुठलीही, तिसरीत पहिल्या सहापैकी कुठलीही मिळाली तर ती घ्यावीच लागते. नाही घेतली तर पुढच्या फेऱ्या बंद. मी नियमावली उघडलीच नव्हती. दारात वीस पोरं रांगेत होती, असं म्हणून मी स्वतःची समजूत घालतो. ती कॅपमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून, बाहेर पडली.

आता हिशेब बघा. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश कॅपमधून झाला असेल तरच. संस्थास्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्याच्या सीटला ती माफी नाही. कॅपबाहेर तिला सीट मिळत होती, पण पूर्ण फी भरून. तिच्या वडिलांनी आकडा ऐकला, टोपी हातात घेतली आणि “बरं” म्हणाले. ती आता तुमच्याच कॉलेजात एफ.वाय.बी.एस्सी. ला आहे. असाइनमेंटच्या प्रिंट काढायला अधूनमधून दुकानात येते. “काका, चार पानं,” एवढंच. त्या दिवसाबद्दल ती एका शब्दानं मला बोललेली नाही, आणि मीही तिच्याकडून प्रिंटचे पैसे घेणं अजून बंद करू शकलेलो नाही, कारण ती टेबलावर ठेवून जाते.

महोदय, मी बी.कॉम. झालेला झेरॉक्सवाला आहे. तुमच्याकडे प्राध्यापक आहेत, ग्रंथपाल आहेत, वीस-वीस वर्षं प्रवेशाचं काम केलेले भाऊसाहेब आहेत. पोराच्या आयुष्याचा पसंतीक्रम माझ्यासारख्यानं लावावा, आणि तोही रांग तुंबली म्हणून दहा मिनिटांत, हे तुम्हाला चालणार आहे का?

तुमच्या बाजूनंही विचार केला आहे. जागा भरल्या जात नाहीत, निवृत्त झालेल्या क्लार्कच्या जागी माणूस मिळत नाही, आणि कॉलेजांचा दर्जा ठरवणारे नॅकवाले आले की ‘डिजिटल काय केलंत’ विचारतात. सगळं खरं. पण तुमच्या डिजिटल व्यवस्थेबद्दल माझ्या तक्रारी आहेत, त्या क्रमानं सांगतो.

एक. व्हॉट्सअॅप समूहात आहे कोण? तुमचेच आत्ताचे विद्यार्थी. ज्याला आत यायचंय तो बाहेरच. पलीकडच्या ज्युनियर कॉलेजचा मुलगा, आयटीआयचा मुलगा, दोन वर्षांपूर्वी शिक्षण सोडून काजूच्या कारखान्यात लागलेली मुलगी यांना कोण जोडणार? आणि फोन घरात एकच असतो. तो एकतर वडिलांबरोबर होडीवर जातो, नाहीतर चाकरमान्याच्या खिशात मुंबईला असतो.

दोन. संकेतस्थळावर सूचना म्हणून टाकलेली असते ती मोबाइलनं काढलेल्या फोटोची तिरकी पीडीएफ. लोक ती माझ्याकडे आणून मोठी करून घेतात. त्याचेही मी दहा रुपये घेतो.

तीन, आणि ही मला सर्वांत जास्त बोचते. आपला किनारा, आपला समुद्र, आणि आपल्याच पोरांना माहीत नाही की रत्नागिरीत 1981 पासून मत्स्य महाविद्यालय आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. चार वर्षांची मत्स्यविज्ञानाची पदवी मिळते, आणि सीईटीतून प्रवेश होतो. गेल्या दहा वर्षांत माझ्या दुकानातून त्या पदवीसाठी किती फॉर्म गेले, हे बोटांवर मोजून सांगतो. आणि त्यात कोळीवाड्यातले किती, ते विचारू नका. डोलीची जाळी विणणाऱ्या घरातला एक मुलगा गेल्या वर्षी मला म्हणाला, “माशाचं पण ग्रॅज्युएशन असतं काय?” त्यानं पीसीबी घेतलेलं होतं आणि सीईटीही दिलेली होती. फक्त कुणी सांगितलेलं नव्हतं.

चार. जात पडताळणी. सायन्सच्या मुलांनी ती बारावीतच करून ठेवावी लागते, अर्जाला कॉलेजचं पत्र आणि शिक्का लागतो. ओबीसींच्या नॉन-क्रिमिलेअर दाखल्याची मुदत 31 मार्चला संपते, तो पुन्हा काढावा लागतो. खिडकी असताना भाऊसाहेब ऑगस्टमध्येच वर्गात येऊन ओरडायचे. आता कोण ओरडणार?

पाच, थोडक्यात. नव्या शैक्षणिक धोरणानं एक वर्षानंतर, दोन वर्षांनंतर बाहेर पडून पुन्हा परत यायची सोय ठेवली आहे. मिळवलेली क्रेडिट, म्हणजे झालेल्या अभ्यासाचे श्रेयांक, सात वर्षांपर्यंत खात्यावर राहतात. लग्न झालं म्हणून एफ.वाय. नंतर थांबलेल्या मुली या गावात घरोघरी आहेत. त्यांना हे कुणी सांगितलंय का?

तुमच्या संमेलनात दर वर्षी प्रमुख पाहुणे अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट सांगतात. मुरुडचा पोरगा, सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्याला परीक्षेला गेला, आणि वयानं लहान दिसतो म्हणून त्याला बसू दिलं नाही. पुढे त्यांनीच 1916 साली स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेत बसून दर वेळी हाच विचार करतो, की त्यांना निदान परीक्षा साताऱ्यात आहे एवढं तरी कळलं होतं.

मागण्या लिहितो. त्यात शोभेची एकही नाही.

मदत खिडकी 1 मे ते 31 ऑगस्ट, सुट्टीचे दिवस सोडून रोज, सकाळच्या पहिल्या फेरीबोटीपासून दुपारच्या बोटीपर्यंत उघडी ठेवा. तिथे एक माणूस असा असू द्या, ज्यानं त्या वर्षीची नियमावली स्वतः वाचली आहे. तासिकेवरच्या सरांना बसवायचं असेल तर त्या तासांचे पैसे त्यांना द्या. फुकट राबवून घेतलेला माणूस किती दिवस टिकेल?

‘दोनपानी’ पुन्हा सुरू करा, कागदावर, बारा महिने. तालुक्यातल्या प्रत्येक ज्युनियर कॉलेजात, आयटीआयमध्ये आणि खाडीच्या दोन्ही तीरांवर ते लागलं पाहिजे. छत्र्या आणि कबड्डी त्यातून काढू नका. त्यासाठीच पोरं कागद हातात घेतात, आणि मग मागची बाजू वाचतात. ‘कोण कुठे गेलं’ ही चौकट मोठी करा. कोण कुठल्या वाटेनं गेलं, फॉर्म कधी भरला, खर्च किती आला, हे त्या-त्या पोराची परवानगी घेऊन लिहा. जो गेला आणि परत आला, त्याचंही लिहा.

बारावी सायन्सच्या मुलांसाठी जात पडताळणीचं शिबिर दिवाळीच्या आत घ्या.

व्हॉट्सअॅप समूह ठेवा, पण तो सगळ्यांना खुला करा. क्यूआर कोड ‘दोनपानी’वरच छापा, म्हणजे नॅकवाल्यांनाही दाखवता येईल.

खर्चाचं म्हणाल, तर माझं महिन्याचं बिल नऊशे रुपये होतं. त्यातला नफा मी सोडतो. फक्त कागद आणि टोनरचे पैसे द्या. हे दान वगैरे नाही. त्या मुलीच्या चार पानांचे पैसे मला असे फेडता आले तर बघायचंय. आणि खिडकी सुरू झाली तर माझ्या दुकानावर पाटी लावीन : ‘पसंतीक्रम कॉलेजात ठरवून आणावा. इथे फक्त टाइप करून मिळेल.’

उत्तर लेखी द्यावं आणि मिरगाच्या आत द्यावं ही विनंती. मिरग लागला की लाइटचा भरवसा नाही, आणि तोवर प्रवेशाच्या पहिल्या याद्याही लागायला लागतील.

मार्चचं शेवटचं ‘दोनपानी’ अजून माझ्या दुकानाच्या दाराला चिकटवलेलं आहे. त्यावरची फेरीबोटीची संध्याकाळची वेळ आता बदलली आहे. परवा एक म्हातारे ती वाचून घाईनं जेटीवर गेले आणि बोट चुकली म्हणून परत येऊन माझ्याच बाकावर बसले. तो कागद मी काढून टाकू की नवा देताय, तेवढं कळवा.

आपला,
एक माजी विद्यार्थी,
एसटी स्टँडसमोरचा झेरॉक्सवाला